अकरा टाक्यांचं ठिगळ

२४ जुलै, गुरुवार

गोटी,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. पण पार्सलच्या पाठीवर जे नाव आहे ते तुझ्या सासरचं, आणि त्या बाईंना मी ओळखत नाही. मी ओळखते ती फ्रॉकच्या खिशात सहा गोट्या घेऊन प्रार्थनेला येणारी, आणि गुडघे टेकताना त्या वाजू नयेत म्हणून एका हाताने खिसा आवळून धरणारी मुलगी. सिस्टरना वाटायचं, हिला पोटदुखीचा त्रास आहे.

पार्सल शाळेच्या पत्त्यावर आलं. स्वातंत्र्याला यंदा पन्नास वर्षं होतात, म्हणून समितीने वर्तमानपत्रात आवाहन केलं होतं, की आपल्या गावच्या पहिल्या स्वातंत्र्यदिनाची एखादी वस्तू कोणाकडे असेल तर प्रदर्शनासाठी पाठवा. आतापर्यंत तीन बिल्ले आले, एक काठी आली, आणि एक फोटो, ज्यात दीडशे माणसांच्या फक्त पाठी दिसतात. न्हावीकाकांच्या नातवाने आजोबांचा वस्तरा दिला. प्रदर्शनाचं काम माझ्याकडे आहे. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी "बाई, तुमच्याशिवाय हे कोणाला माहीत आहे?" म्हणून मलाच बोलावतात.

तुझ्या पार्सलमध्ये पांढरा फ्रॉक होता. चिठ्ठी नाही, काही नाही. समितीचे अध्यक्ष, आपल्याकडचे दाताचे डॉक्टर, फ्रॉक उलटापालटा करून म्हणाले, "हा कोणाचा हो बाई? खालून तर फाटलाय." मी म्हणाले, "बघते." तो घरी आणला आणि कपाटात चादरींच्या खाली ठेवून दिला.

फाटलेला नाही तो. खालच्या दुमडीचा चौकोन कात्रीने कापून घेतलेला आहे. तो चौकोन कुठे आहे ते तुला माहीत आहे आणि मला.

तू गेल्यानंतर त्या ठिगळाचं काय झालं, हे मात्र तुला ठाऊक नसेल. आता ती आपल्या गावची परंपरा आहे. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी शाळेच्या सभागृहात नवा कोरा झेंडा पसरतात, त्याच्या खालच्या कोपऱ्यात भोक पाडतात, आणि नऊ वर्षांची एक मुलगी त्यावर पांढरं ठिगळ शिवते. टाके मोजून अकरा. ठिगळाचा चौथा कोपरा मोकळा सोडायचा, म्हणजे तो वाऱ्यावर फडफडतो. पहिला झेंडा काचेच्या पेटीत आहे, आणि त्याची गोष्ट अशी सांगतात, की लढ्याच्या दिवसांत त्याला गोळी लागली होती आणि अकरा टाके म्हणजे अकरा वीर. ते अकरा कोण यावर दरवर्षी भांडणं होतात. न्हावीकाकांचा नातू म्हणतो, त्यातले एक आमचे आजोबा. आजोबा पडशाने गेले, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

ही गोष्ट मुलींना सांगायचं काम चौतीस वर्षं माझं होतं.

हसू येतं ना? आपण किती लहान होतो गं! त्या दिवशी इस्त्री जरा जास्तच तापली, आणि व्हायचं ते होऊन गेलं. फ्रॉक प्रदर्शनात ठेवावा अशी तुझी इच्छा आहे का, तेवढं कळव. तुझी आई, आमच्या मावशी, कशा आहेत? त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
शाई


३१ जुलै, गुरुवार

गोटी,

तुझं कार्ड मिळालं. सगळ्या कार्डावर एकच ओळ: "इस्त्री आपणहून चालत नाही, शाई."

दोन दिवस मी ते कार्ड चष्म्याच्या घरात घेऊन फिरते आहे. आज लिहायला बसले, कारण शाळेत सिस्टर म्हणायच्या ते आठवलं: वही खराब झाली तर पान फाडू नका, चूक दिसेल अशी ठेवा आणि खाली बरोबर लिहा. चूक वर दिसतेच आहे. आता खाली लिहिते.

कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांच्या स्वयंपाकघरामागची इस्त्रीची खोली. लांब टेबल, त्यावर घोंगडी, तिच्यावर जुनी चादर. भिंतीला सिस्टरच्या खळ दिलेल्या पांढऱ्या टोप्या रांगेने टांगलेल्या, त्यांना आपण बिनतोंडाच्या सिस्टर म्हणायचो. मावशी ओलं बोट इस्त्रीला लावून चर्र आवाज ऐकायच्या आणि त्यावरून ठरवायच्या, आता टोप्या की आता चादरी. झेंडा शहरातून टपालाने आला होता, घड्या घालघालून पुस्तकाएवढा केलेला. त्या घड्या मोडायला तो मावशींकडे दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चढणार होता. तुझा फ्रॉक दाराच्या खिळ्याला होता, संचलनासाठी खळ दिलेला, नुसता उभा राहील इतका कडक.

मावशी कोळसे आणायला बाहेर गेल्या. मी म्हणाले, "मी करू?"

तू म्हणालीस, "नको गं. आई सोलून काढेल मला."

"एकच घडी. उद्या सगळं गाव बघेल, तेव्हा मला कळेल की ही घडी मी मोडली होती."

"कधी इस्त्री धरली आहेस का? तुला दौत धड धरता येत नाही! बोटं बघ."

माझी बोटं खरंच निळी होती. म्हणून तर मी शाई. मी ती फ्रॉकला पुसली आणि इस्त्री उचलली. तू अडवायला आलीस, मी तुला कोपराने ढकललं. इस्त्री झेंड्याच्या कोपऱ्यावर ठेवली आणि तेवढ्यात बाहेर मैदानावर बँडची तालीम सुरू झाली. मी खिडकीशी धावले. तुला म्हणाले, "ये ना, तो ढोलवाला बघ, ढोल मोठा का तो मोठा!" इस्त्री तिथेच होती.

वास तुला आधी आला. तू धावत जाऊन इस्त्री उचललीस, आणि त्याच वेळी मावशी दारात आल्या. त्यांनी जे पाहिलं ते एवढंच: तुझ्या हातात इस्त्री, आणि झेंड्याला करंगळीएवढं, पानासारखं टोकदार भोक, कडेने तपकिरी.

त्यांनी तुला थोबाडीत मारली. तू रडली नाहीस. माझ्याकडे बघितलंस. मी माझ्या बुटांकडे बघितलं. डाव्या बुटाचा बंद सुटला होता, तो मी बांधत बसले. तो बंद बांधायला मला फार वेळ लागला, गोटी.

मग मावशींनी तुझा फ्रॉक खिळ्यावरून काढला. पांढरं, कडक, झेंड्याच्या जातीचं कापड तेवढंच होतं खोलीत. रिळावर दोरा थोडा. अकरा टाके झाले आणि संपला. सामानाच्या खोलीला कुलूप, किल्ली सिस्टरच्या कमरेला, आणि सिस्टर प्रार्थनेत. मावशी म्हणाल्या, "राहू दे एक कोपरा. लांबून कोणाला दिसतंय!"

गावाने त्या अकरा टाक्यांचे अकरा वीर केले. दोरा संपला होता, एवढंच.

इस्त्री मी ठेवली होती. हे वाक्य पन्नास वर्षांत पहिल्यांदा लिहिलं.

शाई


८ ऑगस्ट, शुक्रवार

गोटी,

तुझं दुसरं कार्ड काल आलं. ते माझ्यासमोर आहे. "आई तीन महिन्यांपूर्वी गेली. फ्रॉक तिच्या ट्रंकेत तळाशी होता. तिला शेवटपर्यंत वाटत होतं, मीच जाळलं. मी कधी सांगितलं नाही, कारण तू सांगशील असं वाटत होतं."

मी मावशींना नमस्कार सांगायला लिहिलं होतं.

आता तुला जे ठाऊक नाही ते सांगते. तुला वाटतं मी गप्प राहिले. मी गप्प राहिले नव्हते.

त्या दुपारी मोठ्या सिस्टरनी मला एकटीला आपल्या खोलीत बोलावलं. तिथे बसायला दिलं, हे आठवतं, कारण त्या खोलीत मुलींना कोणी बसायला देत नसे. टेबलावर टिपकागदाची वही होती. त्या म्हणाल्या, "तू खरं बोलणारी मुलगी आहेस, म्हणून तुला विचारते. इस्त्री कोणाच्या हातात होती?"

बघ, त्यांनी कसं विचारलं. आणि मी कसं उत्तर दिलं. मी म्हणाले, "गोटीच्या."

खोटं नव्हतंच ते. इस्त्री तुझ्याच हातात होती. नऊ वर्षांची मुलगी एवढी हुशार असू शकते. सिस्टरनी मला एक पवित्र चित्र दिलं, सोनेरी कडेचं. ते मी बरीच वर्षं पुस्तकात खूण म्हणून वापरलं.

दुसऱ्या दिवशी तू संचलनात नव्हतीस. झेंडा चढला, वारा आला, ठिगळाचा मोकळा कोपरा फडफडला आणि सगळ्या मैदानाला दिसला. तेव्हा समितीचे अध्यक्ष माझे बाबा. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. तेवढ्यात गर्दीतून न्हावीकाका ओरडले, "गोळी! गोळी लागलीये आपल्या झेंड्याला!" तीन दिवस तुरुंगात काढून आलेला माणूस, त्याला सगळीकडे गोळ्याच दिसायच्या. पण लोकांनी हात जोडले. बायका रडायला लागल्या. बाबा भाषणाला उभे राहिले. त्यांनी गोळी म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. ते म्हणाले, "हा डाग नाही, ही जखम आहे." टाळ्या थांबेचनात.

आणि मावशी दिसेल त्याला सांगत होत्या, "अहो, गोळी कसली? इस्त्रीने जळलंय ते. माझ्या पोरीच्या हातून जळलं. फ्रॉक कापून मी शिवलंय." त्या चूक कबूल करत होत्या, आणि कबुली कोणालाच नको होती. आठ दिवसांत कॉन्व्हेंटचं काम सुटलं. निष्काळजीपणा हे कारण झालं. मग गावातल्या घरांतूनही कपडे येईनासे झाले, कारण झेंड्याच्या जखमेला ही बाई इस्त्रीचा डाग म्हणते. तुमचं सामान एका हातगाडीत मावलं. इस्त्री सगळ्यात वर होती. मी पडद्याआडून बघत होते. तू आमच्या खिडकीकडे बघितलं नाहीस. मला बरं वाटलं, गोटी, की तू बघितलं नाहीस.

त्याच संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. सांगून काही उपयोग नव्हता, तेव्हाच सांगितलं. बाबा चष्मा पुसत म्हणाले, "गावाने गोळी मानली आहे. आता ती गोळीच. तू अभ्यास कर."

इतकी वर्षं मी हे बाबांच्या नावावर ढकललं. बाबा जाऊन सत्तावीस वर्षं झाली. त्यानंतर रोज सांगता आलं असतं. उलट, बाबा असतानाच मी त्याच शाळेत शिक्षिका झाले होते, आणि ठिगळ शिवायला मुलगी नऊ वर्षांचीच हवी, हा नियम माझा. आधी शिंपी शिवायचा. का नऊ, असं कोणी विचारलं की मी म्हणायचे, त्या वयात हात निर्मळ असतात. खरं म्हणजे मला दरवर्षी एकदा तुला त्या टेबलाशी बसलेली बघायचं होतं. प्रायश्चित्त समजत होते मी त्याला. चौतीस मुलींच्या हातून मी माझं खोटं शिवून घेतलं, हे आता दिसतं.

हे पत्र पोचल्यावर तू कार्ड पाठवणार नाहीस असं वाटतं. पाठवू नकोस.

शाई


१३ ऑगस्ट, बुधवार

गोटी,

कार्ड आलं नाही.

आज समितीची बैठक झाली. मी फ्रॉक पिशवीतून काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा पेटीत झेंड्याशेजारी ठेवायचा, आणि पाटीवर खरं लिहायचं." मग सगळं सांगितलं. सिस्टरच्या खोलीतलंसुद्धा.

मग डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमची साखर तपासली का अलीकडे?"

"तपासली. उत्तम आहे."

"नाही, म्हणजे, पन्नास वर्षांपूर्वीचं… लहानपणी मनावर परिणाम होतो. शेवटी गाव भावनेवर चालतं हो. परवा मंत्री येणार. त्यांना काय सांगायचं? इस्त्री?"

न्हावीकाकांचा नातू उठून उभाच राहिला. "आणि आमचे आजोबा? ते काय उगीच ओरडले?"

मी म्हणाले, "उगीच नाही. ठिगळ त्यांनी सगळ्यांच्या आधी पाहिलं. नजर तेज होती त्यांची, त्याशिवाय का वस्तरा चालवायचे?" तो खाली बसला, पण फुगूनच.

डॉक्टर शेवटी म्हणाले, "पुरावा काय? फ्रॉक काय, कोणाचाही असतो. तुमच्या शब्दावर आम्ही पन्नास वर्षं पुसायची?"

त्यांचं बरोबर होतं. माझ्या शब्दाची किंमत मीच घालवली आहे. घरी आले आणि पुरावा कुठे आहे ते लक्षात आलं. तो पेटीतच आहे, ठिगळाच्या खाली. बाबांनी झेंडा पेटीत ठेवला आणि किल्ली माझ्याकडे दिली. ठिगळ कधीच कोणी उचलून बघितलं नाही. मीसुद्धा नाही.

गोटी, मला भीती वाटते. खोटं उघडं पडेल याची नाही. ते भोक पुन्हा बघायची.

शाई


१६ ऑगस्ट, शनिवार

गोटी,

काल स्वातंत्र्यदिन झाला. परवापासून सांगते.

परवा सकाळी सभागृहात नवा झेंडा टेबलावर पसरला होता. यंदाची मुलगी बसली होती, बेकरीवाल्यांची धाकटी, समोरचे दोन दात नसलेली. डॉक्टर कात्री घेऊन उभे. मी म्हणाले, "एक मिनिट थांबा," आणि पेटी उघडली. जुना झेंडा बाहेर काढला आणि शिंप्याकडून आणलेल्या बारीक कात्रीने मावशींचे टाके उसवायला लागले. डॉक्टर "बाई, बाई!" म्हणत होते, पण अंगाला हात लावायचं धाडस कोणाला झालं नाही. शाळेतल्या बाई आहेत ना मी. अर्ध्या समितीच्या हातावर माझी पट्टी बसली आहे.

मी टाके मोजले. अकराच. शेवटच्या टाक्याला गाठ मारायलासुद्धा दोरा उरला नव्हता. मावशींनी तो नुसता कापडात खोचला होता, आणि तो पन्नास वर्षं टिकला.

ठिगळ निघालं. खाली भोक होतं. टोकदार, पानासारखं, कडा तपकिरी. भोकाभोवती, ठिगळाखालीच, इस्त्रीच्या बुडाची फिकट पिवळी कडसुद्धा उमटलेली होती, ती मला आठवतही नव्हती. सगळे वाकून बघत राहिले. न्हावीकाकांचा नातू पहिला बोलला. हळूच म्हणाला, "गोळी अशी नसते हो डॉक्टर. आमच्या घरच्या चादरीला असंच आहे."

मी ठिगळ फ्रॉकच्या कापलेल्या जागी ठेवलं. कडेला कड बसली.

मग त्या मुलीला, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांना, मी सांगितलं. इस्त्री मी ठेवली, नाव गोटीचं सांगितलं, तिची आई गावातून गेली. पाठ केल्यासारखं न सांगता सांगणं अवघड असतं. मुलगी ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, "मग बाई, आता या नव्या झेंड्याला भोक कशाला पाडायचं?"

डॉक्टरांनी कात्री खिशात ठेवली.

काल झेंडा अख्खा चढला. वाऱ्यावर सरळ उलगडला, आणि खालच्या कोपऱ्यात काहीच फडफडलं नाही. लोक कुजबुजले. काही चिडले आहेत, एका घराने माझ्याशी बोलणं सोडलं आहे. काहींनी तासाभरात नवी गोष्ट तयार केली. दुपारी दुकानात एक बाई दुसरीला सांगत होती, "त्या माउलीने पोरीचा फ्रॉक कापून झेंडा वाचवला!" मावशींना माउली म्हटलेलं ऐकून मी तिथेच रडले. पण त्या नव्या गोष्टीत मी नव्हते, आणि गोष्टीतून सुटून जायची सवय मला फार जुनी आहे. म्हणून मी वळून म्हणाले, "आणि फ्रॉक कापायची वेळ माझ्यामुळे आली." ती म्हणाली, "जाऊ द्या हो बाई, लहान होता तुम्ही." मी नऊ वर्षं लहान होते, नंतर पन्नास वर्षं मोठी होते. हे तिला नाही सांगितलं. तुला सांगते.

पेटीत आता जुना झेंडा आहे, भोक उघडं ठेवून. खाली पाटी आहे. तिच्यावर मावशींचं नाव आहे, तुझं आहे आणि माझं आहे, कोणी काय केलं त्यासकट.

फ्रॉक ठेवला नाही. तो मावशींच्या ट्रंकेतला होता, गावाचा नव्हता. या पत्राबरोबर परत पाठवते आहे. ठिगळ पुन्हा जागेवर शिवलं आहे. तुला न विचारता शिवलं, हाही एक अपराधच. मला आता सुईत दोरा ओवता येत नाही. त्या दात पडलेल्या मुलीने ओवून दिला आणि टाके मोजत बसली. मी अकरा घातले, मावशींच्या सुईच्याच भोकांतून.

चौथा कोपरा मोकळा सोडला आहे. तो मी शिवायचा नाही, एवढं मला कळतं. सुई तिथेच कापडात टोचून ठेवली आहे, फ्रॉक उलगडताना सांभाळ. तुला शिवावासा वाटला नाही तर काढून टाक.

दोरा भरपूर ठेवला आहे.

शाई